बॅटरीला मार बसलेली अडीच महिन्यांची गाडी: तळ बदलून परत घ्यावी का?

वाघूरकाठ, जळगाव
गाडी इलेक्ट्रिक, घेऊन अडीच महिने झालेले. दोन आठवड्यांपूर्वी धुळ्याहून जळगावला परत येत होतो. रात्रीचे साडेनऊ. पारोळा मागे पडलं होतं, एरंडोल यायचं होतं, आणि डावीकडच्या कपाशीतून रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली. तिला वाचवायला गेलो आणि गाडी दुभाजकावर चढली. पुढचा पत्रा, उजवं चाक, दोन एअरबॅग गेल्या आणि पंधरा-वीस फूट गाडी पोटावर घासत गेली. तो आवाज अजून कानात आहे. मी, बायको, मागे आई आणि मुलगी. चौघेही खरचटण्यावर निभावलो.

क्रेनवाला दोर लावून टोचन करू म्हणाला. मी नको म्हटलं. पुढची चाकं मोटरला जोडलेली, ती रस्त्यावर फिरली की मोटर उलटी वीज तयार करते. जळगावहून फ्लॅटबेड यायला अडीच तास लागले, तोवर 1033 या महामार्ग मदत क्रमांकाची गाडी मागे दिवे लावून उभी होती. त्या लोकांचे उपकार विसरणार नाही.

आता मुद्दा. शोरूम किंमत 16 लाख, आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, 15.20 लाख. वर्कशॉपने दुरुस्तीचा अंदाज 9.80 लाख दिलाय, त्यात एकट्या बॅटरी पॅकचे 6.90 लाख. विमा कंपनीचे सर्व्हेअर म्हणतात, पॅकला काही झालेलं नाही, खालचं ॲल्युमिनियमचं कव्हर चेपलंय, ते बदला, सत्तर हजारांत काम होईल. दोघांपैकी कोणीही पॅक उघडून पाहिलेला नाही. माझं म्हणणं, पॅक नवाच हवा. आत काय झालंय हे माहीत नसताना तीच बॅटरी मी पोरीच्या पायाखाली ठेवणार नाही. तुम्हाला काय वाटतं?

पांझराकाठ, धुळे
दादा, जीव वाचले, यापुढे सगळं दुय्यम. पण मत विचारलंत म्हणून सांगतो, पटत नाही. मी बावीस वर्षं मोटार क्लेमचं काम केलंय. विमा म्हणजे नुकसानभरपाई. जेवढं मोडलं तेवढं भरून मिळतं, मनात शंका आहे म्हणून सात लाखांचा भाग बदलून मिळत नाही. मिळायला लागला तर पुढच्या वर्षी सगळ्यांचे हप्ते वाढतील, तुमचाही.

टोटल लॉसचा, म्हणजे दुरुस्तीऐवजी गाडीची विम्यातली पूर्ण रक्कम घेण्याचा, विचार तर सोडूनच द्या. दुरुस्ती आयडीव्हीच्या 75 टक्क्यांपुढे गेली तरच गाडी टोटल लॉसमध्ये जाते. तुमचे 75 टक्के होतात 11.40 लाख. पॅकसकट धरलं तरी तुम्ही 9.80 वर आहात. रिटर्न टू इनव्हॉइस, म्हणजे टोटल लॉसमध्ये बिलाची किंमत देणारं कव्हर, घेतलं असेल तर तेही इथे उपयोगाचं नाही.

गिरणाकाठ, भडगाव
जिभाऊ, हिशोब तुमचा बरोबर असेल. पण ती गाडी घरी येऊन उभी कुठे राहणार? आमच्याकडे दिवाळीनंतर ओट्यावर छतापर्यंत कापूस रचलेला असतो आणि गाडी त्याच्या शेजारीच लागते. मार खाल्लेली लिथियमची बॅटरी त्या क्षणी शांत राहून तासांनी, कधी दिवसांनी पेट घेऊ शकते, आणि विझवल्यावर पुन्हा पेटू शकते. म्हणून तर अशी गाडी इमारतीपासून आणि इतर गाड्यांपासून पन्नास फूट लांब उभी करायला सांगतात. आपल्या गल्लीत पन्नास फूट मोकळी जागा कोणाकडे आहे? सर्व्हेअरने कव्हर पाहिलं, वरून हात फिरवला, आणि पॅक ठीक आहे म्हणून लिहून टाकलं. असं चालतं का?

पांझराकाठ, धुळे
ताई, कापसाची गोष्ट खरी आहे आणि मी ती हलकी धरत नाही. पण प्रत्येक चेपलेल्या कव्हरमागे पॅक फेकायचा का? ठोकर बसली की हाय व्होल्टेज आपोआप तुटतं, यांच्याही गाडीत तुटलं असणार, म्हणूनच एअरबॅग उघडल्यावर गाडी जागची हलली नाही. हे पॅक कसेही बनवलेले नसतात. एआयएस 038 या भारतीय वाहन मानकाच्या दुसऱ्या आवृत्तीत कारच्या बॅटरीच्या चाचण्या आणखी कडक झाल्या आहेत.

सातपुडा, शहादा
म्हणून मी डिझेलच ठेवलीय. टाकी फुटली तर निदान डोळ्यांना दिसते.

तापीकाठ, भुसावळ
सातपुडा भाऊ, त्यांची गाडी घेऊन झालीय, आता त्यांनी काय करायचं ते बोलू.

मी वर्कशॉपमध्ये हाय व्होल्टेजचं काम करतो. दोन्ही बाजू अर्धं बोलताहेत. कव्हर चेपलं म्हणजे पॅक गेला, असं नाही. वरून ठीक दिसतो म्हणजे ठीक आहे, असंही नाही. बऱ्याच गाड्यांत कव्हरच्या वर लगेच कूलिंग प्लेट असते आणि तिच्यात कूलंट फिरतं. कव्हर चार-पाच मिलिमीटर आत गेलं आणि प्लेटला बारीक चीर पडली, तर कूलंट थेंबाथेंबाने पॅकमध्ये उतरतं. पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. म्हणून कूलिंगच्या वाटेत हवा भरून दाब उतरतो का ते बघायचं. ही पहिली तपासणी. दुसरी इन्सुलेशन रेझिस्टन्सची, म्हणजे हाय व्होल्टेज आणि गाडीची बॉडी यांच्यात वीज झिरपते का. तिसरी प्रत्येक सेलच्या व्होल्टेजची.

या तिसऱ्यात लोक फसतात. गाडीत एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे, सेल असतील तर चार्ज मधल्या पट्ट्यात असताना सगळ्या सेलचं व्होल्टेज जवळजवळ सारखंच दिसतं, कारण त्या भागात त्यांचा आलेख सपाट असतो. बिघडलेला सेलही त्या गर्दीत लपतो. तेव्हा एकदा रीडिंग घेऊन निकाल देऊ नये. आज घ्या, गाडी तशीच उभी ठेवा, आठ दिवसांनी परत घ्या. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा जास्त उतरला तर आत काहीतरी लागलंय. आणि तोवर चार्जिंगला लावू नका. कोणी एकदा लावून पाहू म्हणालं तरी नाही म्हणा.

वाघूरकाठ, जळगाव
तापीकाठ, मनापासून आभार. इतकं सोपं करून वर्कशॉपने सांगितलं नाही. ते म्हणतात, बॅटरी उघडायचं काम इथे होत नाही, नाशिकला पाठवावी लागेल, आणि तिथल्या तपासणीचे पैसे कोण देणार ते आधी ठरवा.

बोरीकाठ, अमळनेर
मला सगळ्यात जास्त काळजी वॉरंटीची वाटते. साधारण 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर अशी बॅटरीची वॉरंटी असते, पण अपघाताचं नुकसान त्यात येत नाही. माझ्या मेहुण्याची इलेक्ट्रिक गाडी गेल्या वर्षी एका खड्ड्यात खालून आपटली. कव्हर बदलून मिळालं. सात महिन्यांनी पॅकची एरर आली, तेव्हा कंपनीचं उत्तर आलं की ही जुन्या अपघाताची देण आहे. विमावाले म्हणाले, तो क्लेम बंद झाला. बिचारा चार महिने दोघांच्या मधे फिरला आणि शेवटी पदरचे पैसे घातले. तो कागद मी स्वतः पाहिलाय. दुरुस्तीच्या बिलावर बॅटरी सुस्थितीत असल्याची एक ओळसुद्धा नव्हती.

पांझराकाठ, धुळे
बोरीकाठ, हा मुद्दा मला मान्य करावा लागेल. कव्हर बदलल्यावर कंपनी पॅकची वॉरंटी पूर्वीसारखी चालू ठेवतेय असं लेखी देत असेल तर माझ्या मते दुरुस्ती घ्यावी. देत नसेल तर मग कंपनीलाच त्या दुरुस्तीवर भरवसा नाही, आणि तिचं तसं लेखी उत्तर विमा कंपनीपुढे पॅक बदलण्यासाठी ठेवता येईल. पण तपासणीआधीच पॅक मागणं चुकीचं, यावर मी ठाम आहे.

वाघूरकाठ दादा, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, आहे ना? मोटार विम्याच्या जुन्या तक्त्यात रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांना सरसकट 50 टक्के घसारा आहे. तो तक्ता केला तेव्हा डोळ्यांपुढे 12 व्होल्टची बॅटरी होती. सात लाखांच्या पॅकला तो लावू देऊ नका. पॉलिसीत बॅटरीसाठी वेगळं कलम आहे का तेही नीट वाचा.

वाघूरकाठ, जळगाव
झिरो डेप आहे. बॅटरीचं वेगळं कव्हर घ्यायला एजंटने सुचवलं होतं, तेव्हा हप्ता जास्त वाटला म्हणून सोडलं.

गिरणाकाठ, भडगाव
सर्व्हे रिपोर्टची प्रत मागून घ्या दादा, ती मागायचा तुम्हाला हक्क आहे. विमा कंपनीने नकार दिला तर आधी त्यांच्याच तक्रार विभागात लेखी द्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. आपल्यासाठी कार्यालय पुण्याला. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचं प्रकरण ते बघतात. पांझराकाठ जिभाऊ आधी तपासणी म्हणतात, ते एक वेळ ठीक. पण तिचा खर्च गाडीमालकाने का सोसायचा? पॅक ठीक आहे असं लिहिणाऱ्याने ते दाखवून द्यावं.

तापीकाठ, भुसावळ
ताईंचं बरोबर आहे. नाशिकला नेतानाही गाडी फ्लॅटबेडवरच जाऊ द्या, आणि वाटेतल्या चढ-उतारात गाडी बांधायची साखळी बॅटरीच्या कव्हरला लागणार नाही हे निघण्याआधी स्वतः वाकून बघा.

वाघूरकाठ, जळगाव
आज विमा कंपनीला मेल केला, वर्कशॉपला प्रत. तिन्ही तपासण्या लेखी मागितल्या, सेलची रीडिंग आठ दिवसांच्या अंतराने दोनदा. वॉरंटीचं पत्र मागितलं आणि तपासणीचा खर्च क्लेममध्ये धरा असंही लिहिलं. गाडी वर्कशॉपच्या मागच्या मोकळ्या जागेत हलवून घेतली, आधी ती शेडमध्ये दोन गाड्यांच्या मधे होती. माझं मत अजून तेच आहे. पण रीडिंग सारखी आली आणि वॉरंटीचं पत्र हातात पडलं तर मी अडून बसणार नाही, हे आज घरी आईलाही सांगितलं. ती म्हणाली, त्या गाडीत मी बसेन, पण आधी तो कागद मला वाचून दाखव.

पांझराकाठ, धुळे
रिपोर्ट आला की इथे टाका. एकही सेल उतरलेला निघाला तर पॅकसाठीचं पत्र मी लिहून देतो.