कुडू ते केप बफेलो, एकच रायफल घ्यायची तर ३७५ की ४१६?

नवा_नेमबाज:
मंडळी जरा सल्ला हवाय. नामिबियात रीतसर परमिटवर शिकारीला जायचं ठरतंय, यादीत कुडू, ईलंड (तिकडची मोठी हरणं) आणि जमलंच तर एक केप बफेलो, म्हणजे तिथला रानरेडा. माझ्याकडे ३०-०६ काडतुसाची रायफल आहे, हात चांगला बसलाय तिच्यावर, पण बफेलोचं नाव काढलं की सगळे नको म्हणतात. दोन रायफली वागवण्यापेक्षा एकच घ्यावी म्हणतोय. काडतूस कुठलं, ३७५ एच अँड एच, ४१६ रिग्बी की सरळ ४५८ विन मॅग? आणि तो जुन्या काळचा हत्तीशिकारी बेल म्हणे ७ मिमीच्या रायफलीने हत्ती पाडायचा, मग एवढ्या मोठ्या काडतुसांचा हट्ट कशाला?

दुनाळी:
बेलचं उदाहरण प्रत्येक वेळी निघतंच 😀 अहो त्या माणसाने हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदू नक्की कुठे बसतो ते बघितलेलं, आणि गोळी वापरायचा ती लांब, जड, न फुलणारी सॉलिड. आपल्याला ते जमणार आहे का? आणि तुमच्या बाबतीत वादच नाही, नामिबियात बफेलोला कायद्यानेच गोळीची किमान ५४०० जूल ऊर्जा लागते, ३०-०६ चार हजारांच्या आसपासच थांबते. कुडू-ईलंडला २७०० जूल पुरतात, तिथे तुमची जुनी रायफल मजेत चालेल. ३७५ मध्ये ३०० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी साधारण २५०० फूट सेकंदाने निघते, म्हणजे पास होते पण काठावर, त्यामुळे काडतुसाच्या डब्यावरचा आकडा बघूनच घ्या, कमी जोराचं काडतूस नको.

खांदा_शाबूत:
जूल राहू द्या बाजूला, धक्क्याचं बोला. सारख्या वजनाच्या रायफलीत ३७५ चा धक्का ३०-०६ च्या जवळपास दुप्पट, ४१६ आणि ४५८ त्याच्याही वर. रेंजवर एक करून बघा, मित्राला सांगा की मधूनच न कळवता डमी काडतूस भर. चाप ओढला, क्लिक झालं आणि नळीचं टोक खाली झुकलं तर समजा तुम्ही धक्क्याला घाबरून आधीच अंग चोरताय. मोठ्या काडतुसांच्या रायफलवाल्यांपैकी निम्म्यांचं टोक झुकतं, कबूल कुणी करत नाही. ३७५ घ्या, दुर्बिणीसकट साडेचार किलोच्या आसपास भरू द्या, हलकी रायफल दुकानात हातात छान वाटते आणि पहिल्याच गोळीला रडवते. दुर्बीण डोळ्यापासून लांब बसवा नाहीतर भुवई फुटलीच.

क्लॉ_एक्स्ट्रॅक्टर:
मी ४१६ वाला. १९११ पासून चालत आलेलं काडतूस आहे, ४०० ग्रेनची गोळी, आणि अंगावर येणाऱ्या रेड्याला थांबवताना ३७५ पेक्षा फरक जाणवतो हे कुणीही मान्य करेल. पण यादीत कुडू आहे, लांबून मारायचा, तिथे ३७५ ची गोळी ३०-०६ च्या १८० ग्रेनसारखीच खाली येते, दोनशे मीटरला वेगळा हिशोब करत बसावं लागत नाही. तेव्हा नाइलाजाने ३७५ 🙏
त्यापेक्षा गोळीवर डोकं लावा. साधी पातळ जॅकेटची (वरच्या धातूच्या आवरणाची) सॉफ्ट पॉइंट, म्हणजे मऊ टोकाची गोळी, बफेलोच्या खांद्याच्या हाडावर फुटून आत पोचतच नाही. बाँडेड (जॅकेट आतल्या शिशाला पक्कं जोडलेली) किंवा अख्ख्या तांब्याची घ्या. सॉलिड पहिल्या गोळीला नको, कळप असला तर आरपार जाऊन मागच्याला लागते, जखमी जनावर पळालं की पाठीमागे सॉलिड. ॲक्शन (काडतूस आत-बाहेर करणारी यंत्रणा) मॉझर ९८ पद्धतीची, काडतुसाची कड सुरुवातीपासून पकडून ठेवणारी, घाईत बोल्ट अर्धाच पुढे ढकलून परत मागे ओढला तरी दोन काडतुसं एकात एक अडकत नाहीत.

नवा_नेमबाज:
३७५ फायनल. शेवटचं विचारतो, कुडूला २७० ग्रेन आणि बफेलोला ३०० असं वेगवेगळं ठेवू का?

दुनाळी:
नका ठेवू. दोन्हींचा नेम एकाच ठिकाणी बसत नाही आणि ऐनवेळी खिशातून कुठलं हाताला लागेल सांगता येत नाही. ३०० ची फुलणारी कुडूलाही चालते. सॉलिड मात्र त्याच रायफलीतून कागदावर मारून बघा, शेजारीच बसल्या तरच सोबत न्या.