त्साथोग्गुआ मुळात कोणाचा?

त्साथोग्गुआ हा भयकथांमधला काल्पनिक देव अमेरिकन भयकथालेखक एच. पी. लव्हक्राफ्टची निर्मिती असल्याचे म्हटले जाते, ते मला मान्य नाही. क्लार्क ॲश्टन स्मिथ या लेखकाने १९२९ मध्ये लिहिलेल्या ‘द टेल ऑफ सताम्प्रा झैरोस’ या कथेत हा बेडकासारखा देव प्रथम आला. मात्र ती कथा ‘विअर्ड टेल्स’मध्ये नोव्हेंबर १९३१ मध्ये छापली गेली आणि तिचे हस्तलिखित वाचून भारावलेल्या लव्हक्राफ्टने स्वतःच्या कथेत केलेला उल्लेख त्याच मासिकाच्या ऑगस्टच्या अंकात आधीच प्रसिद्ध झाला होता.

मला स्मिथचाच देव अधिक भयंकर वाटतो. १९३४ च्या त्याच्या ‘द सेव्हन गीसेस’ या कथेत पर्वताखालच्या गुहेत सुस्तावलेला त्साथोग्गुआ समोर आलेल्या माणसाला, केवळ नुकताच बळी मिळून तृप्त झाल्यामुळे, खात नाही, तो त्याला आणखी खोलवर, अट्लाख-नाखा या कोळीरूपी देवाकडे भेट म्हणून पाठवतो.