शब्दचर्चा: क्रिलचा ‘बहर’ म्हणावं की ‘थवे’?

अनुवादिनी

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या सागरी जीवनाची एक पुस्तिका शाळकरी मुलांसाठी मराठीत आणते आहे. समुद्राचं तापमान आणि क्रिल (कोळंबीसारखे दिसणारे इवले सागरी जीव) यांचं नातं सांगणारं एक प्रकरण त्यात आहे, आणि तिथे तीन शब्दांपाशी काम अडलं आहे. क्रिलला ‘जवळा’ म्हणावं का? क्रिल अमाप झालं की इंग्रजीत ‘ब्लूम’ म्हणतात, त्याला ‘बहर’ चालेल का? आणि खालचं गार पाणी वर येतं त्या ‘अपवेलिंग’ला काय म्हणायचं? ‘ऊर्ध्वगामी प्रवाह’ असा शब्द सापडतो, पण सहावीतल्या मुलाच्या डोळ्यांपुढे त्यातून काहीच उभं राहत नाही.

दर्याकाठ

जवळा कृपा करून नको. जवळा म्हणजे डोल जाळ्यात येतो तो, वाळवला की त्याची सुकट होते. शास्त्रज्ञ त्याला अ‍ॅसेटिस म्हणतात, आणि तो कोळंबीच्या गणातला. क्रिल दिसतं तसंच, पण त्याचा गण वेगळा. कोळंबीचे कल्ले कवचाखाली झाकलेले असतात, क्रिलचे उघडे, पायांच्या मुळाशी पिसांसारखे लोंबणारे. बहुतेक जातींच्या अंगावर उजेड देणारे बारीक ठिपकेही असतात. अरबी समुद्रातही क्रिल आहे, पण ते बाजारात येत नाही, त्यामुळे आपल्या ताटाशी त्याची ओळख नाही.

माझा आक्षेप नुसत्या वर्गीकरणाचा नाही. जवळा म्हटलं की कोकणातल्या मुलाला उथळ, गढूळ, कोमट पाणी आठवणार. तुमच्या प्रकरणाचा सगळा जीव तर थंड पाण्यात आहे. ‘क्रिल’ असंच ठेवा. इंग्रजीनेही तो शब्द नॉर्वेजियनमधून घेतलाय, तिथे तो माशांच्या बारीक पिल्लांसाठी होता. हवं तर एक वाक्य जोडा: आपल्याकडे जवळ्यावर बोंबील जगतो, तसे तिथे क्रिलवर देवमासे जगतात.

प्लवक

‘बहर’बद्दल. वनस्पती-प्लवकांसाठी (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींसाठी) हा शब्द मला मनापासून आवडतो. डायटम (जुन्या पुस्तकांत करंडक) ही एकपेशी शेवाळं दिवसाला एकदा-दोनदा दुभंगतात. पोषकद्रव्यं आणि ऊन एकदम मिळालं की आठवड्याभरात पाण्याचा रंग बदलतो. तो खरा बहर.

क्रिल मात्र प्राणी आहे. ते अंडी घालतं, पिल्लं टप्प्याटप्प्याने कात टाकत वाढतात, त्याला महिने जातात. एके दिवशी किनाऱ्याजवळ क्रिलने पाणी तांबूस दिसलं तर ते बहुतेक वेळा तिथे त्या दिवशी जन्मलेलं नसतं, जमलेलं असतं. म्हणून तिथे ‘थवे’ म्हणा, ‘झुंडी’ म्हणा. ‘यंदा क्रिलची पैदास चांगली झाली’ हे वाक्य वेगळं आणि ‘इथे क्रिलचा थवा आला’ हे वेगळं. इंग्रजीतला ‘ब्लूम’ दोन्ही एकात कोंबतो. मराठीने ते का करावं?

‘बहर’ शब्दाची आणखी एक अडचण आहे. आपल्या मनात तो उबेशी जोडलेला आहे. थंडी सरली, झाडं फुलली. कॅलिफोर्नियाच्या समुद्रात नेमकं उलट आहे. पाणी गार तितकं ते श्रीमंत, आणि ते कोमट, निळंशार, पार तळापर्यंत स्वच्छ दिसू लागलं की समजावं, त्यात खायला फारसं काही उरलेलं नाही. मुलांना हे ठासून सांगायला हवं, कारण निळं स्वच्छ पाणी म्हणजे निरोगी समुद्र असंच आपण सगळे धरून चालतो.

मॉन्टेरेकाठी

मी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे उपसागराजवळ राहते. अपवेलिंगला एक शब्द सुचवते: ‘उपसा’. विहिरीचा उपसा आपल्याला ठाऊक आहे, आणि इथे वारा जे करतो ते तेच आहे. मार्च-एप्रिलपासून वायव्येकडून किनाऱ्याला समांतर जोराचा वारा वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे खुल्या समुद्राकडे ढकललं जातं. ती जागा भरायला खालून पाणी वर येतं. ते १० ते १२ अंश सेल्सिअस इतकं गार आणि नायट्रेट या पोषकद्रव्याने भरलेलं असतं. त्यावर डायटम फोफावतात, डायटमवर क्रिल. दिवसा क्रिल खाली अंधारात, रात्री चरायला वर. इथे किनाऱ्यालगतच समुद्रातली खोल दरी असल्याने क्रिल जमिनीपासून फार लांब नसतं, आणि त्याच्यामागे निळे देवमासे येतात. एक निळा देवमासा मोसमात दिवसाला सरासरी १६ टन क्रिल खातो असा २०२१ मधल्या अभ्यासाचा अंदाज आहे.

तापमानाचा संबंध इथेच येतो. ‘पाणी तापलं आणि क्रिल मेलं’ असं सरळ लिहू नका. वरचा थर तापला की तो हलका होतो आणि झाकणासारखा बसतो. मग वारा वाहिला तरी खालचं सकस पाणी वर येत नाही, आलं तर वरवरचं, निकस. १४-१५ अंशांपलीकडच्या पाण्यात इथे नायट्रेट जवळजवळ नसतंच. म्हणजे उष्णतेचा घाव आधी अन्नावर पडतो, मग क्रिलवर, मग पक्ष्यांवर.

आणि वेळ. २००५ मध्ये मोठा एल निन्यो नव्हता, पण ओरेगन आणि उत्तर कॅलिफोर्नियात उपसा कित्येक आठवडे उशिरा सुरू झाला. नंतर पाणी गार झालं, पण सॅन फ्रान्सिस्कोसमोरच्या फॅरलॉन बेटांवरच्या कॅसिन्स ऑकलेट या क्रिल खाणाऱ्या छोट्या पक्ष्यांची वीण तोवर जवळजवळ पूर्ण वाया गेली होती. वर्षाची सरासरी काढली तर हे दिसतच नाही. म्हणून ‘तापमान’ या एका शब्दावर सगळा भार टाकू नका. ‘उपसा लांबला’ हे शब्दही पुस्तिकेत येऊ द्या, आपल्याकडे ‘पाऊस लांबला’ म्हणतात तसे. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला त्यातली काळजी बरोबर कळेल.

दर्याकाठ

‘उपसा’ छान आहे. केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावर नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत, जून ते सप्टेंबर, असाच उपसा होतो आणि पेडव्यांचं (तारल्यांचं) पोषण त्यावर होतं. उत्तरेकडे येता येता त्याचा जोर कमी होतो. म्हणजे हा शब्द आपल्याला आपल्या समुद्रासाठीही लागणारच आहे. मात्र हल्ली ‘वाळूचा उपसा’ बातम्यांत इतका येतो की एकट्या ‘उपशा’ने घोटाळा होईल. पहिल्यांदा ‘गार पाण्याचा उपसा’ असं पूर्ण लिहावं.

अनुवादिनी

‘क्रिल’, ‘थवे’ आणि ‘गार पाण्याचा उपसा’ घेते. एक नवा प्रश्न. २०१४ ते २०१६ च्या भागात ‘हॅबिटॅट कॉम्प्रेशन’ आहे. ‘अधिवासाचं संपीडन’ लिहायला हात धजत नाही.

प्लवक

‘आक्रसणं’. थंड पाण्याचा पट्टा आक्रसला.

त्या वर्षांत काय झालं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण हा शब्द तिथे दोनदा लागू पडतो. २०१३ च्या अखेरीस अलास्काच्या आखाताबाहेर तापलेल्या पाण्याचा प्रचंड गोळा साचला. काही भागांत पाणी नेहमीपेक्षा अडीच अंशांहून जास्त तापलं होतं. वॉशिंग्टन राज्याचे तेव्हाचे हवामानतज्ज्ञ निक बाँड यांनी त्याला ‘ब्लॉब’ नाव दिलं. तो किनाऱ्याकडे सरकला आणि २०१५ मध्ये त्यात एल निन्योची भर पडली. मध्य कॅलिफोर्नियात उपसा बंद पडला नाही, पण गार पाणी किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्टीत कोंडलं गेलं. क्रिलही त्या पट्टीत. हा पहिला आक्रस.

दुसरा क्रिलच्या अंगाचा. २०१५ मध्ये तिथे मोजलेलं क्रिल नेहमीपेक्षा लांबीला कमी भरलं. खाणं कमी पडलं तर क्रिल कात टाकताना आधीपेक्षा लहान होऊ शकतं. खेकडे-कोळंबीच्या वाढीबद्दल आपण जे शिकतो त्याच्या हे अगदी उलट. त्यामुळे जाळ्यात नग तेवढेच आले तरी पक्ष्याच्या पोटात पडणारं अन्न कमी. २०१४-१५ च्या हिवाळ्यात ऑकलेट हजारोंनी किनाऱ्याला मरून लागले.

मॉन्टेरेकाठी

आणि ती चिंचोळी पट्टी माणसांच्याही वाट्याची होती, हे राहू नये. हंपबॅक देवमासे क्रिल विरळ झाल्यावर अँकोव्हीकडे वळले (आपल्या मांदेलीच्याच कुळातला मासा), आणि अँकोव्ही किनाऱ्याजवळ गोळा झालेली. त्याच कोमट पाण्यात विषारी डायटमचा मोठा बहर आला. इथे ‘बहर’ अगदी योग्य, फक्त जीवघेणा. खेकड्यांत त्या डायटमचं विष, डोमोइक आम्ल, सापडल्याने डन्जनेस खेकड्यांचा मोसम पुढे ढकलावा लागला. २०१६ च्या वसंतात सापळे पाण्यात उतरले तेव्हा देवमासेही तिथेच होते, आणि दोरांत अडकलेल्या देवमाशांच्या नोंदी कितीतरी वाढल्या. कोळ्यांचा हंगाम बुडाला आणि देवमासेही जखमी झाले. पुस्तिकेत कोळ्यांना खलनायक करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

अनुवादिनी

नाही करणार. शेवटचा शब्द: ‘मरीन हीटवेव्ह’. ‘समुद्रातली उष्णतेची लाट’ लिहिलं तर मुलं खरोखरची लाट समजतील.

दर्याकाठ

समजतीलच. शिवाय लाट येते आणि जाते. शास्त्रज्ञ त्या जागेच्या, त्या दिवसांच्या नेहमीच्या तापमानाशी तुलना करतात. पाणी सलग ५ किंवा जास्त दिवस असाधारण तापलेलं राहिलं तर ते हे नाव देतात, आणि ब्लॉब तर दोन वर्षं ठाण मांडून होता. ‘समुद्राला ताप चढला’ असं वृत्तपत्री वाक्य मथळ्यापुरतं ठीक. मजकुरात मी ‘सागरी उष्मा’ लिहीन. उष्मा टिकतो, साचतो, ओसरतो, वाढतो, आणि ही सगळी क्रियापदं तुम्हाला त्या प्रकरणात लागणार आहेत.