अनुभव धागा: घरकामासाठी आणि सेंटरिंगसाठी पैसे वसूल होतील अशी हातोडी कशी निवडावी?

मार्च उलटला की आपल्या विदर्भातील खेड्यांत डागडुजीची कामे एकामागून एक निघतात. कवेलू फेरायचे असतात, गोठ्यावरचे टिन बदलायचे असते, कुंपणाची तार ताणायची असते आणि ज्यांचे घरकुल मंजूर झाले आहे त्यांच्याकडे पावसाळ्यापूर्वी स्लॅब टाकण्याची घाई असते. यांतील प्रत्येक कामाला हातोडी लागते. परंतु तालुक्याच्या दुकानात दीडशे रुपयांपासून हजार रुपयांपर्यंतच्या हातोड्या शेजारी शेजारी टांगलेल्या दिसतात आणि त्यांत नेमका फरक काय, हे सांगणारा क्वचितच भेटतो. ज्यांच्या हातात हातोडी रोज असते त्यांनी आणि ज्यांच्या घरी ती अधूनमधून निघते त्यांनीही आपला अनुभव येथे लिहावा, ही विनंती. वजन किती आहे, दांडा कशाचा आहे, कोणत्या कामासाठी वापरता आणि दिलेल्या पैशांचे चीज झाले का, एवढे अवश्य नमूद करावे.

सेंटरिंग मिस्त्री, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ

अमेरिकेत लाकडी सांगाड्याची घरे उभारणारे सुतार जी मोठी हातोडी वापरतात, तिच्या सर्वांत जवळचे आपल्याकडील काम म्हणजे सेंटरिंग, म्हणजेच स्लॅब ओतण्यासाठी फळ्या आणि बल्ल्यांचा (लाकडी टेकूंचा) तात्पुरता साचा उभारणे. दिवसभर अडीच-तीन इंची खिळे ठोकायचे, स्लॅब पक्की झाल्यावर तेच खिळे उपसायचे, सरळ करायचे आणि पुढच्या घराला वापरायचे, असा आमचा क्रम असतो. तिकडची हातोडी साधारण 570 ते 620 ग्रॅम डोक्याची, सोळा इंच किंवा त्याहून लांब दांड्याची आणि सरळ पंजाची (पंजा म्हणजे खिळा उपसण्याचे दुभंगलेले टोक) असते. खिळ्यावरून घसरू नये म्हणून काहींच्या तोंडावर चौकड्यांची खरबरीत नक्षीही असते. ती नक्षी लाकडावर उमटते, म्हणून दार-खिडकीच्या कामाला ती हातोडी चालत नाही.

आमच्याकडील तरुण मुले व्हिडिओ पाहून अशीच जड हातोडी मागतात, परंतु मी त्यांना 450 ते 500 ग्रॅमची, गुळगुळीत तोंडाची पंजा हातोडी घेण्यास सांगतो. आमचे निम्मे काम हात डोक्यावर धरून, बल्लीला पट्टी ठोकण्याचे असते आणि त्या कामात प्रत्येक जादा ग्रॅम संध्याकाळी खांद्यात जाणवतो.

दांड्याबाबत माझे मत ठाम आहे. खिळे उपसण्याचे काम जास्त असेल तर लाकडी दांडा घेऊ नये. पंजात खिळा अडकवून जोर लावला की सगळा ताण डोक्याच्या लगत येतो आणि लाकूड तेथेच मोडते. डोके आणि दांडा एकाच पोलादाच्या तुकड्यातून घडवलेली किंवा निदान भरीव पोलादी दांड्याची हातोडी आम्हाला परवडते. मात्र स्वस्त मालात रबराच्या मुठीखाली पोकळ नळी असते, ती पहिल्या मोठ्या खिळ्याला वाकते. मुठीचे टोक पाहावे. भरीव असेल तर वजनावरूनही लक्षात येते. खिळा उपसताना डोक्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा, म्हणजे कमी जोरात खिळा सरळ वर येतो आणि फळीलाही खड्डा पडत नाही. आणि मे महिन्यात पोलादी हातोडी उन्हात ठेवू नये. ती हातात धरवत नाही, शिवाय रबर मऊ पडून मूठ फिरू लागते.

गृहिणी, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा

घरात फोटो, कपड्यांची दोरी, देव्हाऱ्याची फळी आणि बचत गटाच्या शिवणाच्या खोलीतील मांडण्या ही सर्व कामे मीच करते, म्हणून घरगुती बाजू लिहिते. दुकानदार आम्हा बायकांना बहुधा अगदी लहान, शंभर-दीडशे ग्रॅमची हातोडी दाखवतात. तिने चुका ठोकता येतात, परंतु सिमेंटच्या भिंतीत पोलादी खिळा जात नाही. खिळा थरथरतो, प्लास्टर फुटते आणि दहा हलके घाव घालूनही काम अर्धेच राहते. माझ्याकडे 300 ग्रॅमची, लाकडी दांड्याची हातोडी आहे आणि मला ती मनगटाला न जाणवता वापरता येते. घेण्यापूर्वी मी ती दांड्याच्या टोकाला धरून हात आडवा सरळ केला आणि डोके खाली झुकते का, ते पाहिले. झुकत असेल तर आपल्यासाठी ती जड आहे. लहान खिळा बोटांऐवजी पक्कडीत किंवा जुन्या कंगव्याच्या दात्यांत धरावा. पोलादी खिळा वाकत नाही, तो तुटून उडतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय तो ठोकू नये.

लोहार, तालुका मूल, जिल्हा चंद्रपूर

बाजारातील हातोडीचे मूल्य ठरवायचे असेल तर आधी ती बिडाची आहे की घडीव पोलादाची, एवढे ओळखावे, बाकीचे नंतर. बीड म्हणजे साच्यात ओतलेले लोखंड. ते कडक दिसते, पण ठिसूळ असते आणि पोलादी खिळ्यावर किंवा छिन्नीवर घाव घातला की त्याची कपची उडते. अशी कपची डोळ्यात गेलेला माणूस मी पाहिलेला आहे, म्हणून हे कळकळीने लिहितो. बिडाच्या डोक्यावर रंगाचा जाड थर असतो आणि खरवडल्यास खाली दाणेदार, करडा पृष्ठभाग दिसतो. घडीव डोक्याचे तोंड घासून चकचकीत केलेले असते आणि त्याच्या कडा किंचित उतरत्या असतात. कड काटकोनात धारदार ठेवली तर ती आधी तुटते, म्हणून चांगला कारागीर ती मुद्दाम घासून उतरती करतो.

दुसरी पारख कानशीची आहे. दुकानदाराच्या परवानगीने तोंडाच्या कडेला बारीक कानस हलकेच फिरवावी. कानस घसरली तर तोंडाला पाणी नीट दिलेले आहे, म्हणजे ते तापवून, पाण्यात बुडवून कडक केलेले आहे. सहज चावली तर ते मऊ आहे आणि काही महिन्यांत त्याला खळगे पडतील. पण संपूर्ण डोके कडक असणेही वाईटच. मी जुन्या ट्रकच्या एक्सलचे पोलाद घेऊन डोके घडवतो तेव्हा फक्त तोंड लाल करून पाण्यात बुडवतो, ते बाहेर काढून पटकन घासतो आणि आतील उष्णता तोंडाकडे परतताना त्यावर येणारे रंग पाहतो. आधी गवतासारखा फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळट छटा येते. पिवळा गडद होऊन तपकिरीकडे झुकला की पुन्हा थंड करतो. निळ्यापर्यंत थांबले तर तोंड मऊ राहते आणि अजिबात थांबले नाही तर ते काचेसारखे फुटते. दांडा बसण्याचे नेढे मात्र मऊच राहिले पाहिजे, नाहीतर पाचर मारताना तेथे तडा जातो. दोन हातोड्यांची तोंडे एकमेकांवर कधीही आपटू नयेत, कारण दोन्ही बाजू सारख्याच कडक असतात आणि कपची हमखास उडते.

आमच्याकडे असे डोके घडवून घेतले तर दुकानातील मध्यम हातोडीइतकाच खर्च येतो. दांडा धावड्याचा लावावा. सागाचे लाकूड चौकटीला उत्तम, पण वारंवार धक्का सोसण्याचा त्याचा धर्म नाही. ते रेषेने उकलते.

शेतकरी, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा

रानडुकरांमुळे शेताला तार मारावी लागते आणि बाभळीच्या खांबांवर यू आकाराचे खिळे ठोकावे लागतात. वाळलेल्या बाभळीत खिळा शिरत नाही. खांब ओलसर असतानाच खिळे ठोकून घेतले तर पाचशे ग्रॅमची हातोडी पुरते. वाळल्यावर आधी ड्रिलने बारीक छिद्र पाडावे लागते. खुंट आणि पहार ठोकण्यासाठी मी दोन किलोचा घण वेगळा ठेवला आहे. पंजा हातोडीने पहार ठोकल्यास ती वाया जाते.

निवृत्त विज्ञान शिक्षक, तालुका अचलपूर, जिल्हा अमरावती

जड हातोडी म्हणजे जास्त जोर, हा समज पुष्कळ ठिकाणी दिसतो, म्हणून थोडे स्पष्टीकरण देतो. घावातील ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, परंतु वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वजन दुप्पट केले तर ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. जी हातोडी आपल्याला वेगाने फिरवता येत नाही, तिच्या जादा वजनाचे पैसे फुकट गेले असे समजावे. लांब दांड्याने डोक्याला वेग मिळतो, हे त्या सोळा इंची दांड्याचे कारण आहे. पण दांडा लांबला की नेम कठीण होतो. दांडा मध्यावर धरून काम करणाऱ्याने लांब दांड्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत.

हार्डवेअर दुकानदार, तालुका उमरेड, जिल्हा नागपूर

लोहार भाऊंनी सांगितलेली पारख योग्य आहे आणि कानस लावू द्यायला माझी हरकत नसते. पोलादी हातोड्यांसाठी भारतीय मानक आयएस 841 आहे. डोक्यावर वजन आणि उत्पादकाचे नाव ठसठशीत कोरलेले आहे का, ते पाहावे. नुसत्या कागदी चिठ्ठीवर विसंबू नये. टपारिया, स्टॅनली यांसारख्या कंपन्यांच्या साध्या हातोड्या घरगुती कामाला आयुष्यभर पुरतात, आणि माझ्या दुकानात त्यांची किंमत बिनानावाच्या हातोडीच्या दुप्पट-अडीचपट पडते. त्यापुढे मात्र किंमत ज्या वेगाने वाढते, त्या वेगाने उपयोग वाढत नाही. रोज ठोकण्याचे काम नसेल तर टायटॅनियमच्या डोक्याची हातोडी मागवण्याचे कारण नाही. हातोडी, पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर एकाच डब्यात मिळणारे स्वस्त संच शक्यतो टाळावेत; त्यांत हातोडीच सर्वांत कच्ची असते.

सुतार, तालुका साकोली, जिल्हा भंडारा

सेंटरिंगच्या मिस्त्री भाऊंचे म्हणणे त्यांच्या कामापुरते मला मान्य आहे, पण लाकडी दांड्याला सरसकट मोडीत काढणे मला पटत नाही. आम्ही दिवसभर पटाशीवर (लाकूड कोरण्याच्या छिन्नीवर) आणि चौकटीच्या सांध्यांवर ठोकतो. पोलादी दांड्याचा झटका कोपरापर्यंत येतो, लाकूड तो पिऊन टाकते. शिवाय पोलादी दांडा वाकला की हातोडी भंगारात जाते. लाकडी दांडा मोडला तर पन्नास-साठ रुपयांत नवा बसतो आणि डोके मुलाच्या हातातही चालते. माझ्या वडिलांच्या हातोडीचे डोके आजही वापरात आहे. मोठा खिळा उपसायचा असेल तेव्हा मी लहान पहार घेतो, हातोडीवर तो भार टाकत नाही.

दांडा निवडताना तो टोकाकडून पाहावा. लाकडाच्या रेषा तोंडापासून पंजाकडे जाणाऱ्या दिशेने असाव्यात आणि लांबीत त्या मधेच कडेला निघून जाऊ नयेत. नेढे दोन्ही तोंडांशी रुंद आणि मध्ये किंचित अरुंद असले की पाचर मारल्यावर लाकूड वर फुलते आणि डोके निसटत नाही. रंग फासलेला दांडा घेऊ नये, कारण रंगाखाली गाठ लपते. वर्षातून दोनदा जवसाचे तेल चोळावे. ते आपल्याकडे घाण्यावर सहज मिळते.

ढिला झालेला दांडा रात्रभर पाण्यात बुडवण्याची सवय पुष्कळांना आहे. त्या वेळी तो घट्ट होतो, पण फुगताना लाकडाचे तंतू नेढ्यात चिरडले जातात आणि वाळल्यावर तो पूर्वीपेक्षा जास्त हलतो. त्याऐवजी जुनी पाचर काढून किंचित जाड पाचर मारावी. नवा दांडा बसवायचा असेल तर एप्रिल-मेमध्ये बसवावा. त्या वेळी आपल्या भागातील लाकूड अगदी कोरडे झालेले असते, आणि तेव्हा घट्ट बसलेला दांडा पावसाळ्यात आणखी आवळतो. श्रावणात बसवलेला दांडा पुढच्या उन्हाळ्यात हमखास हलू लागतो, आणि हलणाऱ्या डोक्याची हातोडी कुणाच्याही हातात देऊ नये.

सेंटरिंग मिस्त्री, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ

साकोलीच्या भाऊंचा लहान पहारीचा उपाय आमच्याही कामाला लागू पडतो. मोठे खिळे पहारीने काढून हातोडी फक्त ठोकण्यासाठी ठेवली तर धावड्याच्या दांड्याची हातोडी मचाणावर टिकेल असे वाटते. मूलच्या लोहार भाऊंना विचारतो: पंजासह 450 ग्रॅमचे डोके आपण घडवून देता का, आणि पंजाच्या टोकांना तोंडाइतकेच पाणी देता की कमी?

लोहार, तालुका मूल, जिल्हा चंद्रपूर

घडवून देतो. पंजाला तोंडापेक्षा कमी पाणी देतो आणि निळा रंग येईपर्यंत थांबतो, कारण त्याला खिळा उपसताना थोडे लवचिक राहावे लागते. पंजाची फट आतून कानशीने धारदार करून देतो, म्हणजे डोके तुटलेला खिळाही तिच्यात पकडला जातो. एक्सलचा तुकडा आपण आणल्यास फक्त घडाईचे पैसे लागतील.