मदत हवी आहे: ८ नंबरचा बूट ८ नंबरच्या पायात जाऊन नाही रायला

कापूसकोंडा (दारव्हा): लहान भावाची पोलीस भरती १२ दिवसांवर आली. १६०० मीटर धावायचं हाये. नवा बूट आला तर अंगठा दुमडते. नंबर बरोबर ८ च हाये, लहानपणापासून तोच. काय करू? लवकर सांगा.

वऱ्हाडी ठेचा: कंपनी कोणती? बूट घेतला कुठून?

पांढरकवडेकर: आठवडी बाजारात मोची बसते, त्याच्याकडून लाकडी फर्म्यावर ताणून घ्या. माझा असाच सैल झाला.

वऱ्हाडी ठेचा: तो चामड्याचा असंल, भाऊ. पळायचा बूट ताणून फक्त रुंद होते, लांब नाही. कायले फाडता?

निवृत्त मास्तर: आकड्यांवर जाऊ नये. १९९५ पासून माझी प्यांट ३४. परवा शिंप्यानं टेप लावली तर कंबर ३७ भरली! कंपन्या गिऱ्हाइकाला खूश ठेवायला कापड वाढवतात आणि आकडा तोच छापतात.

कापूसकोंडा: मास्तर, प्यांटीचं नाही विचारलं. आतेभावानं आणला बूट.

वऱ्हाडी ठेचा: कुठून आणला, तेच तर विचारून रायलो!

कापूसकोंडा: न्यू जर्सीहून.

वऱ्हाडी ठेचा: घ्या! हे आधी सांगाचं ना बाप्पा. आपल्याकडे इंग्लंडचे नंबर चालतात. पुरुषांचा अमेरिकेतला ८ म्हणजे आपला साधारण ७, काही कंपन्यांत साडेसात. बुटाच्या जिभेमागं लेबल पाहा, सेंटीमीटर लिहिले असतील. भावाले संध्याकाळी भिंतीले टाच लावून कागदावर उभा करा, दोन्ही पाय मोजा.

बांगडीवाली ताई: आमच्या बांगड्यांत असा घोळ नाही. २-४ म्हणजे आतून सव्वादोन इंच. वणीत घ्या का नागपुरात.

पांढरकवडेकर: चेन्नईच्या चर्म संशोधन संस्थेनं लाखावर लोकांचे पाय मोजून भारतीय नंबर सुचवले आहेत, नाव ‘भा’. आपला पाय गोऱ्यांपेक्षा रुंद निघाला. म्हणून मी म्हणतो, रुंदीच पाहा!

वऱ्हाडी ठेचा: ‘भा’चा बूट दारव्ह्यात येईपर्यंत पोरगं हवालदार होऊन जाईल. इथं अंगठा दुमडून रायला, म्हणजे लांबीच कमी हाये.

निवृत्त मास्तर: आम्ही तर अनवाणी पळायचो.

कापूसकोंडा: मोजलं. डावा २६.६, उजवा २६.३. लेबलवर २६. यूएस ८, यूके ७. आतेभावाले मीच फोनवर नुसतं ‘आठ’ सांगितलं होतं.

वऱ्हाडी ठेचा: डावा मोठा, त्याचंच माप धरा. पुढं बोटभर जागा पाहिजे. दुकानात जाऊन घालून पाहा, जाड पायमोजे घालून. आजच घ्या, नवा बूट भरतीच्या दिवशी पहिल्यांदा घातला तर फोड येतात.

पुसदचा पाहुणा: तो न्यू जर्सीवाला विकता का? माझा नंबर आपल्याकडचा ७. किती घ्याल?