आरसी विमानासाठी बॅटरी किती व्होल्टची घ्यावी? मदत हवी आहे (नागपूर)

नमस्कार मंडळी,

माझी पुतणी बारावीच्या परीक्षेनंतर सनबोर्ड कापून आरसी (रिमोटवर उडणारं) विमान बनवतेय. सांगाडा झाला, सर्व्हो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) बसले, अडलंय ते बॅटरीवर. मी वायरिंगची कामं करतो, २३० व्होल्टची भीती नाही, पण या लहान व्होल्टेजचा हिशेब लागत नाहीये आणि पोरीच्या मेहनतीचा धूर व्हायला नको.

सामान असं आहे: ए२२१२ मोटर, १००० केव्ही, तिला १० इंची पातं. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) ३० ॲम्पियरचा, त्यावर '२-३एस, बीईसी ५ व्होल्ट २ ॲम्पियर' छापलंय (एस म्हणजे ओळीत जोडलेले सेल, बीईसी म्हणजे रिसीव्हर-सर्व्होला वीज देणारा भाग). चार एसजी९० सर्व्हो. रिसीव्हर ४ ते ६.५ व्होल्टचा.

बर्डीवर एका दुकानात म्हणाले, ४एस न्या, ताकद जास्त मिळते. दुसऱ्यानं ३एस २२०० एमएएच दाखवली. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, एवढं कळलं. बिनाओझ्याचे ३एसच्या ११.१ व्होल्टला ११,१०० फेरे, ४एसच्या १४.८ ला १४,८००. फरक तर एक तृतीयांशच दिसतो, मग ४एसनं बिघडतं काय?

आणखी एक. नंतर तिला हातानं फेकायचं बिनमोटरचं ग्लायडर करायचंय. त्यात ईएससीच नाही. ७.४ व्होल्टची २एस लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) सरळ रिसीव्हरला जोडली तर चालेल का?

प्रतिसाद १

भाऊ, ४एस घेऊच नका. फेरे एक तृतीयांशानं वाढतात, पण पातं फिरवायला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनानं वाढते. १.३३ चा घन काढून पाहा, २.३५ च्या वर जातो. ओझ्याखाली फेरे थोडे दबतील, तरी करंट दीडपटीच्या पुढेच जाणार. ए२२१२ ला १२ ॲम्पियर झेपतात, तेही मिनिटभर. १० इंची पात्यावर ३एसलाच ती त्या हद्दीला टेकलेली असते.

मोटरपेक्षा मला बीईसीची काळजी वाटते. स्वस्त ईएससीमधला बीईसी बहुधा लिनियर असतो, ५ व्होल्टच्या वरचं सगळं तो उष्णतेत घालवतो. चारही सर्व्होंनी मिळून १ ॲम्पियर ओढला, तर भरलेल्या ३एसवर साडेसात वॅट आणि ४एसवर पावणेबारा वॅट त्या नखाएवढ्या चिपमध्ये जिरतात, वरून प्लास्टिकची नळी घट्ट चढवलेली. ती चिप तापून बंद पडली की रिसीव्हर, सर्व्हो सगळंच जातं आणि विमान हवेत ताब्याबाहेर.

ग्लायडरचं उत्तर: नाही. पॅकवर छापलेले ७.४ हे मधले व्होल्ट. लिपोचा एक सेल भरल्यावर ४.२ ला जातो, म्हणजे २एस ८.४. रिसीव्हरची हद्द ६.५, एसजी९० ४.८ ते ६ व्होल्टचा. २एस लाइफ (लिथियम-लोह फॉस्फेट) पॅकसुद्धा भरल्यावर ७.२ दाखवतो, तोही नको. निकेल-मेटल हायड्राइडचे चार ट्रिपल-ए सेल लावा: ४.८ व्होल्ट, ताजे भरलेले असताना साडेपाचच्या आसपास, वजन साधारण ५० ग्रॅम. ग्लायडरला नाकात वजन तसंही लागतंच. २एसच वापरायची असेल तर मधे ५ व्होल्टचा यूबीईसी, म्हणजे सुटा बीईसी, टाका.

धागाकर्ता

खूप आभार दादा, आता ३एसच घेतो. पोरगी म्हणते सुट्टीतच उडवायचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो, लिपोला चालतं का?

प्रतिसाद २

सकाळी सहा-सातला उडवा. बॅटरी उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, पाण्याच्या बाटलीसोबत थर्माकोलच्या डब्यात न्या. उडवून आल्यावर गरम पॅक लगेच चार्जिंगला लावायचा नाही, हाताला गार लागू द्या. २२०० एमएएचला चार्जर २.२ ॲम्पियरवर ठेवा आणि बॅलन्सची (सगळे सेल सारखे भरायची) बारीक वायर लावूनच चार्ज करा. आठवडाभर उडवणार नसाल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा, भरलेला पॅक या उकाड्यात फुगतो. बॅलन्स प्लगला लावायचा छोटा व्होल्टेज अलार्म मिळतो, तो सेलमागे ३.५ वर सेट करा. वाजला की उतरवायचं.

पहिल्यांदा बॅटरी जोडाल तेव्हा पातं काढून ठेवा आणि रिसीव्हरच्या पिनांवर मीटर धरा. ५ च्या आसपास दिसले की मग सर्व्हो लावा.