मदत हवी आहे: कडुलिंबाची साल कुणीतरी गोलाकार तासली आहे, झाड वाचेल का? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. आमच्या बोळाच्या तोंडाशी एक कडुलिंब आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतर सासऱ्यांनी आणि शेजारच्या दोघांनी मिळून लावलेला, म्हणजे पन्नाशी ओलांडलेला. मागच्या उन्हाळ्यात रस्ता काँक्रीटचा झाला तेव्हा सिमेंट थेट बुंध्याला भिडवलं, चार बोटंसुद्धा माती उघडी ठेवली नाही. ते आम्ही पाहत राहिलो, चूक आमचीच.

गेल्या सोमवारी पहाटे पाणी आलं म्हणून बाहेर आले, तर गुडघ्याच्या उंचीवर कुऱ्हाडीने साल तासलेली. वीतभर रुंद पट्टा. तीन बाजू गेल्यात, भिंतीकडची एक बाजू तेवढी शाबूत आहे, बहुधा तिथे कुऱ्हाड फिरवायला जागाच नव्हती. जखमेतून डिंकाचे थेंब येत होते आणि त्यांना मुंग्या लागल्या होत्या. कुणी केलं ते पाहिलेलं नाही, म्हणून कुणाचं नाव घेत नाही.

दुसऱ्या दिवशी तक्रार करायला गेले. उत्तर मिळालं, "झाड हिरवं आहे की, तोडलंय कुठं? वाळलं तर धोकादायक म्हणून काढून नेऊ." घरी येईपर्यंत हेच डोक्यात फिरत होतं. म्हणजे उभं झाड आधी मारायचं आणि मेलं की रीतसर काढायचं!

या झाडाखाली सकाळी भाजीवाली बसते. दुपारी कारखान्यातले कामगार डबा खातात. एप्रिलमध्ये पारा 42-43 वर गेला की आख्ख्या बोळात बसण्यासारखी ही एकच जागा. आत्ता चैत्रपालवी फुटते आहे, पाडव्याला सगळी गल्ली इथूनच डहाळी नेते.

मला विचारायचंय ते असं. झाड वाचवायला आज, उद्या काय करता येईल? साल सोलणं कायद्याने तोडणं धरतात का? आणि झाडाचं वय सिद्ध कसं करायचं? लावल्याचा कागद कुणाकडेच नाही.

प्रतिसाद : डाळिंबवाला (सांगोला)

ताई, एक बाजू शाबूत आहे ना, मग आशा सोडू नका. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली मुळांना जातं, पाणी मात्र आतल्या लाकडातून वर चढतं. म्हणून साल गेलेलं झाड महिनोन्‌महिने हिरवं दिसतं आणि खाली मुळं उपाशी मरत असतात. "हिरवं आहे की" म्हणणाऱ्याला हे सांगा.

आधी जखमेच्या कडा धारदार चाकूने साफ करा, लोंबती साल काढा, पण चांगल्या सालीला धक्का नको. मग बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावा. आम्ही छाटणीनंतर खोडाला लावतो तीच : 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. तुम्हाला याच्या दहाव्या हिश्श्यात भागेल. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीतच भिजवा, लोखंडाच्या नको. डांबर, ऑइलपेंट, शेण काही फासू नका.

वीतभर रुंद जखम आपोआप भरायला फार वर्षं लागतील. त्यावर पूलकलम करतात. त्याच झाडाच्या पेन्सिलीएवढ्या काड्या जखमेच्या वर आणि खाली सालीत खोचून बसवायच्या, म्हणजे अन्नाला वाट मिळते. साल सुटी होते ती पालवीच्या दिवसांत, म्हणजे आत्ताच. हे काम मात्र नर्सरीतल्या जाणत्या कलम करणाऱ्याकडूनच करून घ्या.

प्रतिसाद : कोर्टरोड

नागरी भागासाठी 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्यात 'झाड तोडणे' याच्या व्याख्येतच जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं येतं. म्हणजे साल तासणंही आलं. तोंडी तक्रार करू नका. वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्या, फोटो जोडा, पोच घ्या, पंचनाम्याची मागणी करा. मेलेलं किंवा धोकादायक झाड काढायला परवानगी मिळू शकते, म्हणूनच ते जिवंत असताना नोंद होणं महत्त्वाचं. सोबत माहिती अधिकारात विचारा की या झाडासाठी कुणी परवानगी मागितली होती का. उत्तराची मुदत 30 दिवस.

2021 च्या दुरुस्तीनुसार 50 वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं. बुंध्याचा घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजून लिहा. कुणाच्या लग्नाच्या, मुंजीच्या जुन्या फोटोत झाड दिसतं का ते शोधा. म्हाताऱ्या माणसांचे जबाब घ्या.

काँक्रीटबद्दल : राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तो आदेश दिल्लीचा, पण अर्जात दाखला द्या. आणि हो, भरपाई म्हणून दुसरीकडे रोपं लावू असं कुणी म्हणालं तर गप्प बसू नका. शहराबाहेरच्या पन्नास रोपांची सावली तुमच्या भाजीवालीच्या डोक्यावर येणार नाही.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल पेस्ट लावली. मुलांनी भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी साठवायला सुरुवात केलीय, पण सिमेंटमुळे ते मुरतच नाही, वाहून जातं. अर्जात काँक्रीट काढण्याची मागणी पहिलीच घातली आहे. शेजारच्या आजींच्या ट्रंकेत 1984 सालचा लग्नाचा फोटो सापडला. मांडवामागे झाड दिसतंय, तेव्हाच घराच्या माळवदापेक्षा उंच.

आता अडलंय ते पूलकलमापाशी. सोलापूर, मोहोळ, पंढरपूर, कुठलाही चालेल, मोठ्या झाडावर हे काम केलेला कलम करणारा कुणाच्या ओळखीत आहे का? येण्याजाण्याचा खर्च आणि मजुरी आम्ही गल्लीतले मिळून देऊ. पालवी निबर होण्याआधी यायला हवा.